कुत्र्याच्या अंगावरचा कोंडा



निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. याच दिवसांत नाशिकच्या घरांतून एक तक्रार सुरू होते : मोत्या बसला तिथं सतरंजीवर पांढरा भुगा पडतो! कोरड्या हवेनं कातडी सुकते, हे खरंच.

मग निघते खोबरेलाची बाटली. थोडं चोळलं तर बिघडत नाही. पण कुत्रा ते चाटतो, केसांना धूळ चिकटते आणि कोंडा तसाच राहतो. मला विचाराल तर दोष बऱ्याचदा आंघोळीत असतो. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ आणि कमी आम्लधर्मी. आपला शाम्पू, कपड्यांचा साबण तिला सोसत नाही. कुत्र्यांचाच शाम्पू आणा, पाणी कोमट घ्या. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला असेल तर तो साधारण 10 मिनिटं अंगावर मुरू द्यायचा. तेवढ्यात कुत्रा अंग झटकून तुम्हालाच आंघोळ घालेल, तरी नेट धरा. नंतर काखेत, पोटाखाली फेस राहू देऊ नका. एरवी महिन्याला एक आंघोळ पुष्कळ झाली. कंगवा मात्र रोज फिरवावा. त्यानं अंगचंच तेल केसभर पसरतं.

खाण्यात जवस घालतात, पण त्यातलं ओमेगा-3 कुत्र्याच्या अंगी फारसं लागत नाही. माशाचं तेल बरं. मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि पौष्टिक म्हणून बेदाणे, द्राक्षं मुळीच नकोत. त्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षांच्या नाशकात हे बजावूनच सांगायला हवं.

आता काळा कागद घ्या, त्यावर कंगव्यानं कोंडा झाडा आणि भिंगातून बघा. कण सरकताना दिसले तर तो नुसता कोंडा नव्हे. ते चायलेटिएला नावाचे बारीक किडे आहेत. कुत्र्याला मांडीवर घेणाऱ्यांच्या हातावर, पोटावरही त्यांनी लाल, खाजरे पुरळ उठतात. अशा वेळी थेट पशुवैद्यकांकडे जा. कुणी रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावायला सांगेल, तर ऐकू नका; चाटून विषबाधा होते. केस गळून चट्टे पडले, अंगाला कुबट वास येऊ लागला, तरी दवाखानाच गाठा. आणि खाज नाही, पण कुत्रा सुस्तावलाय, खाणं तेवढंच असून जाडावतोय, तर रक्त तपासून थायरॉइड बघायला सांगा.