आईबापांच्या उतारवयाचा हिशेब



श्रावणाच्या कावडीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या यात्रेचा खर्च कोण चालवीत होता, हा प्रश्न कथेत निघत नाही. आपल्या घरात मात्र तो निघतो. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरास आणि ऐंशीच्या घरातील आई बेळगावच्या गल्लीतील जुन्या घरात एकटी, हे चित्र आता अपूर्व राहिलेले नाही. तिला औषध देणारे, अंघोळीस हात देणारे माणूस घरीच मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास सेवा देणाऱ्या वृद्धनिवासाचा विचार करणे म्हणजे आईला टाकणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला न विचारता, पैशाचा मेळ न घालता, घाईने पोचवून येणे हे खरे टाकणे होय.

समजा, निवासाचा मासिक आकार २५,००० रुपये आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलपासून एका व्यक्तीस ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. २०२५ सालच्या ८.२ टक्के दराने तेवढ्या रकमेचे व्याज तिमाहीस ६१,५००, म्हणजे महिन्यास २०,५०० रुपये होते. एवढी पुंजी असूनही पहिल्याच महिन्यात ४,५०० ची तूट! आणि पुंजी तरी कितीजणांपाशी एवढी असते? शिवाय आकार दरसाल ६ टक्क्यांनी वाढला तर १२ वर्षांत दुप्पट होतो. ही तूट कोणी किती भरावयाची, हे भावंडांनी आईच्या समक्ष बसून कागदावर लिहावे. २०२४ च्या ऑक्टोबरात सत्तरी गाठलेल्यांसाठी आयुष्मान भारत योजना खुली झाली, हे चांगलेच झाले. परंतु तिचे ५ लाखांचे छत्र रुग्णालयातील उपचारांपुरते आहे. रोज अंघोळ घालणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघत नाही.

आता घराकडे वळतो. पुष्कळ आईबाप मायेपोटी राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात आणि मग स्वतःच्याच ओसरीवर पाहुणे होतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाने असे हस्तांतर रद्द करून घेता येते. मात्र सांभाळ करण्याची अट असून ती मोडली गेली, असे दिसावे लागते. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या अटीवरच बोट ठेवले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईचे दानपत्र रद्द ठरविले खरे. पण त्या आईनेही मुलाचे वचनपत्र पुढे केले होते. तेव्हा अट दस्तातच घालावी. त्याच कायद्याने पोटगीही मागता येते; पण तिची कमाल मर्यादा महिन्यास १०,००० रुपये. वर सांगितलेल्या आकाराच्या निम्मीही नाही!

आपल्याकडे दस्त बहुधा कानडीत होतो. तो आईला मराठीत शब्दशः वाचून दाखविल्याखेरीज तिचा अंगठा वा सही घेऊ नये. त्यास संकोच कसला? निवास पाहावयास जाल तेव्हा अनामत परत मिळते काय, माणूस अंथरुणास खिळल्यास आकार किती वाढतो, हे लेखी घ्यावे. स्मृती ओसरू लागली की मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते आणि मायबोली उरते. मध्यरात्री आईने मराठीत पाणी मागितले तर ते समजणारे कोणी तेथे असते काय, हे रात्रपाळीच्या सेविकेशी स्वतः बोलून पाहावे.