अभ्यासाबाहेरचा अभ्यास आणि आठवीनंतरचा प्रश्न

(पुरुषोत्तमनगर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाहुण्याने मुलांचे कौतुक करावे आणि खाली बसावे, असा स्नेहसंमेलनाचा रिवाज आहे. कौतुक मी करतोच. परंतु आज मला मुलांपेक्षा आपणा पालकांशी अधिक बोलायचे आहे.

मघाशी एक गृहस्थ मला म्हणाले, "सर, पोरं पंधरा दिवस नाटक बसवतात, भिंतीवर कागद चिकटवतात. मग पुस्तक कधी वाचणार? फी तर आम्ही पुस्तकासाठी भरतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. कारखान्यातली पाळी संपवून आलेला बाप फीचा हिशेब मांडणारच.

तर हिशेबच करू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरविले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी साडेचार तास. वाचनालय आणि खेळाचे साहित्यही त्याच कायद्यात आहे. मात्र चित्रकला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन शिक्षक असावेत, ही अट शंभरावर पट असलेल्या शाळेलाच आहे. लहान खाजगी शाळेत म्हणून गणिताचे सरच कबड्डीची शिटी वाजवतात. ही उणीव खरी, पण तिचा लाभही आहे. अपूर्णांकात अडखळणारा मुलगा मैदानावर किती हुशारीने पकड करतो, हे त्याच सरांना दिसते. शिवाय पट लहान, म्हणून नाटकात प्रत्येकाला काम द्यावेच लागते. मोठ्या शाळेत तीच चार मुले वर्षानुवर्षे व्यासपीठावर असतात.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घ्या. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरेपर्यंत तेथेच होते. वर्गात शिकवून ते थांबले नाहीत. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालविले, १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. त्याला छापखाना लागला असेल. हस्तलिखिताला शाई, कागद आणि जागरण एवढेच लागले.

भिंतीवरच्या ज्या कागदांची तक्रार झाली, तसलाच एक कागद मी एका शाळेत वाचला होता. सातवीतल्या मुलीने लिहिलेला. उसाची गाडी वजनकाट्यावर कशी उभी राहते, मोळी गव्हाणीत कशी पडते, हंगामात आलेली तोडणी कामगारांची मुले वर्गात कुठे बसतात आणि हंगाम सरला की ती जागा कशी रिकामी होते, सारे तिने पाहून लिहिले होते. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ. पण वडिलांना वाचता येत नव्हते, म्हणून तिने तो त्यांना वाचून दाखविला, आणि त्यांनी दोन ठिकाणी तिची माहिती दुरुस्त केली! बाप आणि लेक एका निबंधावर बसलेले, हा अभ्यास नव्हे काय?

आता मनाला लागलेली गोष्ट सांगतो. ती मुलगी आठवी उत्तम गुणांनी पास झाली आणि घरी बसली. शाळा आठवीपर्यंतच, पुढे हायस्कूल दूर, पोर वयात आलेली. वडील वाईट नव्हते. त्यांना भीती वाटत होती. भीतीला मी हसत नाही, मलाही मुली आहेत.

म्हणून नेमके बोलतो. आपल्या घरी सातवी-आठवीत मुलगी असेल, तर पुढचा विचार जूनमध्ये नव्हे, आजच करा. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. हायस्कूलमध्ये नाव घातले की शाळेमार्फत त्याची व्यवस्था होते. तीन-चार घरच्या मुली मिळून जाऊ लागल्या, तर निम्मी काळजी तिथेच मिटते. या सभागृहात अशा किती मुली आहेत, ते मी मुख्याध्यापकांना विचारले आहे. त्यांनी नावे लिहून ठेवली आहेत. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलींच्या अब्बा-अम्मींनी दहा मिनिटे थांबावे. घरी जाण्यापूर्वी कोणाची मुलगी कोणाबरोबर जाईल, एवढे ठरवून टाकू.