पहिलीच्या वर्गात किती मुले येतील?

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली, की कामशेत मागे पडल्यावर मळवलीचे लहानसे स्टेशन लागते. एका अंगाला इंद्रायणी आणि तिच्यापलीकडे कार्ल्याची लेणी. दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे, आणि वर लोहगड-विसापूर. इथे उतरणारा माणूस बहुधा डोंगराकडे पाहतो. श्रोतेहो, आज मी तुम्हांला डोंगराच्या पायथ्याशी उठणाऱ्या नव्या घरांकडे पाहायला सांगणार आहे. या घरांतून गावच्या शाळेत मुले किती येतील?

हा हिशेब कशाला करायचा, असे कोणी म्हणेल. मुले आली की पाहू! पण शाळेचे गाडे तसे चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत ३, ९१ ते १२० पर्यंत ४ आणि त्यापुढे २०० पर्यंत ५. आपल्या राज्यात ३० सप्टेंबरचा पट धरून पुढची शिक्षकसंख्या मंजूर होते. म्हणजे मुले जूनमध्ये येणार आणि त्यांचे गुरुजी, लवकरात लवकर, पुढल्या वर्षी. तोवर दोन गुरुजींनी पाच वर्ग कसे सांभाळायचे ते त्यांचे त्यांना ठाऊक. खोल्यांचे तर याहून अवघड. खोली बांधायला मंजुरी, पैसा आणि आधी जागा लागते.

गावात नवे घर एकही नसते, तर काम सोपे होते. ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि अंगणवाडीची यादी समोर घ्या. आज जन्मलेले मूल सहा वर्षांनी पहिलीत. पुढे हजेरीपट पाहा. गेल्या वर्षी पहिलीत ४० होती आणि यंदा दुसरीत ३८ आली, तर शंभरी ९५ टिकली. असे चार-पाच वर्षांचे प्रमाण काढून पुढे लावत गेले, की आडाखा बांधता येतो. आणि दुसरीत ४० ची ४४ झाली, तर समजावे, गावात बाहेरून बिऱ्हाडे येऊ लागली.

नवी घरे आली की मात्र हा ठोकताळा डळमळतो. कारण घर म्हणजे मूल नव्हे. मळवली, कार्ला, लोणावळा या पट्ट्यात कितीतरी बंगले शनिवार-रविवारपुरते उघडतात. मालकाची मुले मुंबईत किंवा पुण्यात शिकतात. पण त्याच बंगल्यामागच्या खोलीत राखणदाराचे कुटुंब बारा महिने राहते, आणि त्याची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. कागदावर ज्या घराची गणती होते त्यातून एकही मूल येत नाही, आणि जी खोली कोणी मोजत नाही तिच्यातून दोन येतात! बांधकामावरच्या मजुरांचेही तसेच. त्यांची मुले इमारत उभी राहीपर्यंत पटावर, पुढे दुसऱ्या गावी. ही मुले तात्पुरती म्हणून हिशेबातून वगळावीत, हे मला मान्य नाही. एक मजूर कुटुंब गेले तरी काम चालू आहे तोवर दुसरे येतेच.

कामशेत, वडगाव, तळेगावकडच्या सदनिकांची तऱ्हा निराळी. तिथे नोकरीधंद्याची माणसे कायमची राहायला येतात. समजा, ३०० सदनिकांची वसाहत झाली. निम्म्या गुंतवणुकीच्या म्हणून रिकाम्या धरू. उरलेल्या १५० घरांत चार-चार माणसे, म्हणजे ६०० वस्ती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर शंभरांत सहा वर्षांपर्यंतची मुले सुमारे १२ होती. हे सात वयोगट झाले. म्हणजे एका वयाची शंभरी पावणेदोन मुले. त्या मानाने ६०० वस्तीत एकेका इयत्तेची दहा मुले, पाच इयत्तांची ५०. त्यांतली निम्मी इंग्रजी माध्यमाकडे जातील असे धरले, तर गावच्या शाळेकडे २५ उरतात. शाळेत आधी ४० असली तर आता ६५ झाली, आणि तिसरा शिक्षक हवा. याच वसाहतीच्या साऱ्या सदनिका भरलेल्या धरल्या आणि इंग्रजी माध्यम विसरले, तर १४० मुले आणि ५ शिक्षक! म्हणून ही गृहीतके प्रत्येक गावाने आपापली तपासून घ्यावीत. जुन्या वसाहतीत संध्याकाळी किती खिडक्यांत दिवे लागतात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शिवाय २०११ नंतर जन्मदर उतरला आहे आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, तेव्हा माझी ही पावणेदोनाची बेरीज वरचीच समजा.

वेळेचे गणित आणखी वेगळे. नव्या सदनिकेत बहुधा तरुण जोडपे येते. पहिली गर्दी अंगणवाडीत होते, मग चार-पाच वर्षांनी पहिलीत. किल्ली हाती पडलेल्या वर्षी शाळेत कोणी आले नाही, म्हणून फाईल बंद करणे धोक्याचे.

अंतराचेही पाहावे. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पण मळवलीसारख्या ठिकाणी नकाशावर फूटपट्टी ठेवून भागत नाही. मध्ये नदी, लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग. पूल जिथे असेल तिथूनच वाट. अंतर मुलाच्या पायांनी मोजावे, आणि तेही पावसाळ्यात.

माहितीसाठी फार हिंडावे लागत नाही. मोठ्या बांधकामांची नोंद २०१७ पासून महारेराकडे होते. सदनिका किती आणि पुऱ्या कधी होणार, हे तिथे कोणालाही वाचता येते. मावळच्या बऱ्याच गावांत बांधकामाची परवानगी २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण देते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच. त्यांनी दर दिवाळीच्या सुट्टीत या नोंदी, जन्मनोंद आणि हजेरीपट एकत्र मांडले, तर पुढल्या पाच वर्षांचा तक्ता दोन दिवसांत होतो. तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वडगावला पाठवावा. वाढीव खोल्यांची जागाही त्याच ठरावात मागावी, कारण शाळेशेजारचा मोकळा तुकडा पुढल्या दिवाळीपर्यंत मोकळा राहीलच असे नाही.