हन्नेचे अश्रू
(कामठी येथील महिला सभेतील भाषण)



मूल नाही म्हणून आमच्या आदिवासी भगिनींना ‘वांझ’ म्हणतात, सवत आणतात. परिचारिका म्हणून मी सांगते, आधी दोघांचीही तपासणी करा. गर्भनलिका बंद आहेत का, हे औषध सोडून काढलेल्या एक्स-रेत कळते. आपल्याकडे त्याचे एक मोठे कारण क्षयरोग. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण खराब झालेली नलिका त्यांनी उघडेलच असे नाही. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया किंवा टेस्ट ट्यूब बेबी. मुंबईच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांनी ते करून दाखवले. खर्च मात्र गरिबाला झेपत नाही. म्हणून तपासणी लवकर हवी.

रडणाऱ्या हन्नेला एली याजकाने मद्यपी समजून दोष दिला. आपण तसे करू नये. नागपूरपर्यंतचे भाडे आणि सोबत, एवढे तरी देऊ या.