जाळरेषा ओढणारी माणसं

(बीड जिल्ह्यातील यंत्रचालक आणि यंत्रमालकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अशा अधिवेशनात अध्यक्षाने तासाचे दर, डिझेल आणि थकलेली बिलं यांवर बोलावं अशी रीत आहे. ते विषय पोटाचे आहेत आणि दुपारच्या सत्रात त्यावर सगळे मोकळेपणाने बोलणारच आहेत. मला मिळालेला वेळ मी वणव्यासाठी वापरणार आहे. डोंगराला लागलेली आग आणि आपल्या हातातलं ब्लेड यांचं नातं काय, हे या जिल्ह्यात अजून कुणी नीट मांडलेलं नाही. आपण मांडलं नाही तर दुसरं कोण मांडणार?

बीडमध्ये जंगल आहेच किती, असा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. थोडं आहे, हे खरं. म्हणूनच त्यातलं जळणारं प्रत्येक एकर आपल्याला महाग पडतं. आष्टी-पाटोद्यापासून मांजरसुंबा, धारूर, अंबाजोगाईपर्यंत बालाघाटाची रांग आपल्या जिल्ह्यातून जाते. काळा पाषाण, त्यावर वीतभर मुरूम आणि त्यावर गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. दिवाळीनंतर ते पिवळं पडतं, फेब्रुवारीत वाळून खडखडीत होतं आणि कुणाच्या तरी विडीने, बांध पेटवताना उडालेल्या ठिणगीने, नाहीतर जाळल्यावर गवत चांगलं फुटतं या समजुतीने पेटतं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबात वणव्याचा हंगाम. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. तिथले मोर जमिनीवर खातात, जमिनीवर अंडी घालतात. तितर-लाव्यांचंही तेच. उन्हाळ्यात डोंगर जळाला की त्यांचं खाणं आणि आडोसा एकाच दुपारी जातो. २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवनच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडाच्या झाडाला अध्यक्ष केलं. सगळ्या महाराष्ट्राने त्याचं कौतुक केलं. त्या देवराईच्या डोंगरालाही वणव्याने सोडलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला फार लागते. ज्या जिल्ह्यात दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागतात, कडब्याची पेंढी मोजून द्यावी लागते, त्याच जिल्ह्यात डोंगरभर उभा चारा दर उन्हाळ्यात जळतो. मांजरा नदी याच डोंगरात उगम पावते. गवत जळालेल्या उतारावरची माती पहिल्या वळवाच्या पावसात वाहते आणि खाली तलावात गाळ होऊन बसते. तो गाळ काढायला पुन्हा आपल्यालाच बोलावतात.

आता ही आग विझवतं कोण? एक वनरक्षक, दोन-चार वनमजूर, गावातली दोन-पाच माणसं. हातात हिरव्या फांद्या. अलीकडे काही ठिकाणी पानं उडवणारे ब्लोअर आले, त्यांचा उपयोग चांगला होतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर इशारा पाठवते. इशारा येतो, पण डोंगरावर चढायला माणूस लागतो आणि नेमका त्याच महिन्यांत आपला माणूस गावात नसतो. दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी कोयता घेऊन गेलेली कुटुंबं पाडव्याच्या आगेमागे परततात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरं असतात. वणवा झोडपायला तरुण हात कुठून आणायचे? बीडमध्ये यंत्राचा विचार करायचा तो या कारणासाठी. जिथे माणसं मुबलक आहेत तिथे कुऱ्हाड, विळा आणि झाडू यांनी काढलेली जाळरेषा उत्तम असते. आपल्याकडे ती माणसं त्या दिवसांत सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात.

यंत्राने आग विझत नाही, हे आधी समजून घ्या. डोझर आगीवर माती लोटायला नेत नाहीत. आगीला लागतं तीन गोष्टींचं बळ: उष्णता, हवा आणि जळण. उष्णता कमी करायला पाणी पाहिजे, ते डोंगरावर नाही. हवा आपल्या हातात नाही. उरतं जळण. ब्लेडने गवत, पालापाचोळा, मुळं खरवडून खालचा मुरूम उघडा करायचा, म्हणजे त्या पट्ट्यावर आगीला खायला काही राहत नाही. हीच जाळरेषा. अमेरिकेच्या वनखात्याने १९३० च्या सुमारास ट्रॅक्टरपुढे पातं बसवून हे काम सुरू केलं. आज कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन खात्यात डोझरचालक हे स्वतंत्र, प्रशिक्षित, मानाचं पद आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथलं पॅराडाइज नावाचं गाव जळालं, तेव्हा एका डोझरचालकाने रस्त्यातल्या जळत्या मोटारी बाजूला सारून अडकलेल्या लोकांना वाट करून दिली. बुलडोझर म्हटला की आपल्याकडे लोकांना पाडापाडी आठवते. त्याच यंत्राने माणसं वाचवली, हेही लोकांना कळू द्या.

या कामाची रीत वेगळी आहे. शेत सपाट करणं, रेल्वेचा भराव घालणं, पाणलोटाचे समतल चर खोदणं, हे सगळं आपल्याला येतं. अंबाजोगाई तालुका २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत होता, जलयुक्त शिवार योजनेत तर गावोगाव मशीन चालली. उतार कसा वाचायचा, मुरूम कुठे संपतो आणि पाषाण कुठे लागतो, हे आपल्या पोरांच्या हाताला कळतं. पण आगीपुढे एवढं पुरत नाही. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पेटत्या उताराच्या वरच्या अंगाला, आगीच्या तोंडासमोर मशीन कधीही नेऊ नये. सुरुवात करायची ती रस्त्यापासून, नाल्याच्या कोरड्या पात्रापासून किंवा जळून गेलेल्या कडेपासून. जिथे आधीच जळण नाही तिथे रेषेचं टोक बांधायचं, नाहीतर आग मागून वळसा घालून येते. रेषेची रुंदी गवताच्या उंचीच्या किमान दीडपट, आणि वारा असेल तर त्याहून कितीतरी जास्त. खरवडलेल्या झुडपांचे ढीग आगीच्या बाजूला रचायचे नाहीत. तिथेच मोठी ज्वाळा उठते आणि ठिणगी पलीकडे पडते. रेषा पुरी झाली म्हणून मशीन बंद करून घरी जायचं नाही. रेषेच्या आतलं शेण, वाळलेली खोडं रात्रभर धुमसत राहतात.

धारूरच्या बाजूला एकदा रस्त्याचं काम चालू असताना मी हे डोळ्यांनी पाहिलं. समोरचा डोंगर दुपारी पेटला. संध्याकाळी गावकरी आले, दादा, मशीन वर घाला म्हणाले. त्यांच्यासोबतच्या तरुण वनरक्षकाने सगळ्यांना थांबवलं. आग वर जातेय, आपण खालून जळालेल्या काळ्या कडेला धरून जाऊ, असं तो म्हणाला. तो पुढे पायी, हातात बॅटरी, आणि मी मागे पहिल्या गिअरमध्ये. वारा पडला होता, ज्वाळा गुडघ्याएवढ्या झाल्या होत्या. आम्ही डोंगराच्या कुशीतून आडवी रेषा काढत पलीकडच्या ओढ्याला नेऊन टेकवली. गावच्या बायका मागून फांद्यांनी कडेचे निखारे झोडपत होत्या. पलीकडचा अर्धा डोंगर वाचला. त्या रात्री मशीनपेक्षा जास्त मोलाचा होता तो वनरक्षक, कारण कुठे जायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. ऑपरेटरने एकट्याने वणव्यावर जाऊ नये, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. पुढे पाहणारा जाणकार माणूस नसेल तर चावी फिरवू नका.

यात मरण आहे. ते लपवून मी तुम्हाला डोंगरावर पाठवणार नाही. १४ जुलै २०१८ रोजी कॅलिफोर्नियात फर्ग्युसन वणव्यात रेषा काढताना ब्रेडन वार्नी हा अनुभवी डोझरचालक मशीन उतारावरून कोसळून गेला. आपल्या महाराष्ट्रात एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन वनमजुरांचा जीव गेला. ती गरीब घरची माणसं होती, अंगात साधे कपडे होते. आपल्या मशीनच्या केबिन तर आगीसाठी बनवलेल्याच नाहीत. रबरी टायरचा जेसीबी गवताच्या आगीत नेणं म्हणजे जळणात जळण घालणं. साखळीचं मशीनच पाहिजे, आणि तेही तपासलेलं. पोटाखालच्या पत्र्यावर साचलेलं वाळकं गवत काढा. रेडिएटरची जाळी फुंकून घ्या. हायड्रॉलिकची पाझरणारी नळी असेल तर ते मशीन त्या दिवशी उभंच ठेवा, कारण गरम सायलेन्सरवर तेलाचा फवारा पडला की आग केबिनमध्ये येते. पाषाणावर ब्लेड घासून ठिणगी उडते, म्हणजे वणवा विझवायला गेलेलं यंत्र वणवा लावू शकतं. अंगात सुती कपडे, पायात कातडी बूट. नायलॉनचा शर्ट अंगाला चिकटतो. डिझेलचं टिपाड आणि पिकअप खरवडलेल्या मोकळ्या जागेवर, पळायच्या वाटेकडे तोंड करून.

यंत्राचा घाव डोंगरालाही बसतो. बालाघाटावर वीतभर माती आहे. उताराला सरळ खाली ओढलेली रेषा पहिल्याच पावसाळ्यात ओघळ होते आणि पाचव्या पावसाळ्यात नाला. म्हणून रेषा शक्यतो समपातळीत, आणि जिथे उतरावं लागलंच तिथे पावसाआधी पुन्हा जाऊन थोड्या थोड्या अंतरावर मातीचे आडवे बांध घालायचे, बाजूला लोटलेलं पाला-गवत परत पसरायचं. हे काम रेषेइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याचेही तास बिलात धरले पाहिजेत. नाहीतर आग विझवल्याच्या आनंदात आपण मांजरेत माती घालू.

खरं तर वणवा लागल्यावर डोझर बोलावणं हा शेवटचा उपाय. चांगलं काम डिसेंबर-जानेवारीतलं आहे. गवत उभं असताना ते गावाला कापून नेऊ द्यावं, मग उरलेल्या पट्ट्यावर वनखात्याच्या आखणीप्रमाणे रेषा साफ करावी, जुनी रेषा पुन्हा खरवडावी. वनसंवर्धनाच्या १९८० च्या कायद्यात जाळरेषा हे वनसंरक्षणाचंच काम धरलं आहे, वनेतर वापर नव्हे. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा लागतो आणि तिथे परवानगीशिवाय चाकही फिरवायचं नाही. मोराच्या अभयारण्यात मशीनचा गोंगाट नको, हातानेच रेषा व्हाव्यात, असं माझं मत आहे. मशीनची जागा बाहेरच्या गायरानात, रस्त्याच्या कडेला, गाव आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात. बहुतेक आगी तिथेच सुरू होतात.

वनखात्याच्या अधिकाऱ्यांना हात जोडून सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम ७९ प्रमाणे वणवा विझवायला मदत करणं हे जंगलाशी संबंध असलेल्या गावकऱ्यांचं कर्तव्य आहे. कर्तव्य आम्ही नाकारत नाही. पण वणव्यावर बोलावलेल्या ऑपरेटरला आणि हेल्परला प्रशिक्षण द्या, त्या दिवसाचा विमा द्या, आणि त्याच्या मशीनला आग लागली तर नुकसान कोण भरणार हे आधी कागदावर लिहून द्या. कर्ज काढून घेतलेलं मशीन जळालं तर त्याच्या घरावर जप्ती येते. एवढं लिहून दिलंत तर रात्री-अपरात्री फोन केल्यावर या सभागृहातला एकही माणूस नाही म्हणणार नाही, हे मी सगळ्यांच्या वतीने सांगतो.

मालकांना सांगतो, वणव्याच्या कामाला आपला सर्वांत जुना ऑपरेटर द्या, नवखा पोरगा देऊ नका.

आणि ऑपरेटर भावांनो, तुम्हाला एकच काम सांगून थांबतो. गावी परतलात की पहिल्या आठवड्यात आपल्या तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. नाव, फोन नंबर, मशीन कोणतं आणि ते सध्या कुठल्या कामावर उभं आहे, एवढं तिथल्या वहीत लिहून या. वनरक्षकाची ओळख करून घ्या आणि डिसेंबर संपायच्या आत त्याच्यासोबत एकदा आपल्या डोंगराला पायी फेरी मारा. ओढा कुठे आहे, रस्ता कुठे संपतो, मशीन कुठे चढतं आणि कुठे चढत नाही, हे दिवसाउजेडी पाहून ठेवा. १५ फेब्रुवारीनंतर त्याला वेळ राहत नाही.