“हाणा त्याला” म्हणण्याआधी

आज आम्ही बचत गटाच्या बाया शाळेबद्दल बोलणार आहोत.

पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “सर, ऐकत नसलं तर हाणा त्याला, आमची हरकत नाही.” पण ही परवानगी आपल्या हातात नाहीच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही मनाई आहे.

मग शिक्षकांनी करायचं काय? लहान गावात दोन शिक्षक आणि चार वर्ग. एक पोरगं उठून पळालं की सगळा वर्ग विस्कटतो. जाणत्या मॅडम अशा पोराला पुढे बसवतात, वह्या वाटायचं काम देतात. वर्गाचे नियम पोरांकडूनच ठरवून घेतात. समजावायचं तर बाजूला घेऊन, चारचौघांत नाही. आणि ज्या दिवशी ते नीट बसलं, त्या दिवशी शाबासकी द्यायला विसरत नाहीत.

पण खोडीचं कारण कधीकधी घरात असतं, ते मॅडमला कसं कळणार? पुसदकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, झरी-जामणीच्या पोडावरचं कोलामी. धडाच कळला नाही तर ते चुळबुळ करणारच. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते, पोर उपाशीच शाळेत येतं. कुठे घरात दारूची भांडणं असतात, कुठे बाप गेलेला असतो. एखाद्याला फळ्यावरचं दिसतच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा त्याचे डोळे-कान तपासायला सांगा.

म्हणून मैत्रिणींनो, घरचं जे सांगण्यासारखं आहे ते शिक्षकांच्या कानावर घाला. त्यात लाज कसली? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो. त्या जागा नुसत्या सहीपुरत्या ठेवू नका. बैठकीत विचारा, कोणतं मूल मागे पडतंय, कोण सारखं गैरहजर असतं, आम्ही काय करू?

मारहाण झालीच तर मुख्याध्यापकांशी आणि समितीत बोला. तरी ऐकलं नाही तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की दहा मिनिटं आपल्या लेकरांच्या शाळेसाठी ठेवा. एवढीच विनंती.