खताच्या पोत्यामागील काळे खडे



चेंबूरजवळ ट्रॉम्बे येथे १९६५ साली भारतीय खत निगमाचा कारखाना सुरू झाला. १९७८ मध्ये निगमाची पुनर्रचना होऊन तो राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडे आला. तेथील युरियाचे पोते ‘उज्ज्वला’ या नावाने शेतकऱ्याच्या परिचयाचे झाले. ते ज्यांच्यावाचून भरलेच नसते, ते काळे खडे मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असतात.

हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजनचा आहे. परंतु त्याचे अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही. त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया व त्यापासून युरिया करावा लागतो. हा संयोग वेगाने घडवून आणणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक होय. जर्मनीत आल्विन मिटाश यांनी १९०९ पासून हजारो प्रयोग केले. तेव्हा शुद्ध लोखंडापेक्षा स्वीडनमधील एक लोहखनिज सरस ठरले. त्याचे श्रेय त्यातील अल्पशा भेसळीला होते.

आजही तीच भेसळ हेतुपुरस्सर केली जाते. चुंबकी लोह ऑक्साइडमध्ये थोडे अॅल्युमिना, पोटॅश व चुना मिसळून ते विजेच्या भट्टीत वितळवितात आणि थंड झाल्यावर फोडून, चाळून त्याचे सारख्या आकाराचे खडे करतात. हे खडे संयंत्रात भरल्यावर त्यांवरून तप्त हायड्रोजन सोडला जातो. तो ऑक्साइडमधील प्राणवायू पाण्याच्या वाफेच्या रूपाने काढून नेतो आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रांचे लोखंड उरते. अॅल्युमिना ही छिद्रे मिटू देत नाही. पोटॅश लोखंडाची कार्यशक्ती वाढविते.

या कामात उतावळेपणा महाग पडतो. तापमान घाईने चढविल्यास वाफ साचून लोखंडाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि खडे निकामी होतात. म्हणून हे काम कित्येक दिवस संथपणे चालते. गंधक तर उत्प्रेरकाचे विषच. ते अडविण्यासाठी कच्च्या वायूच्या वाटेवर झिंक ऑक्साइडचा थर ठेवतात. असा सांभाळलेला उत्प्रेरक दहा वर्षांहून अधिक काळ काम देतो. बिघडला तर संयंत्र बंद ठेवून तो बदलावा लागतो आणि खत अडते ते नेमके पेरणीच्या तोंडावरही अडू शकते.

उत्प्रेरकासाठी सदैव परदेशाकडे पाहावे लागू नये, या हेतूने सिंद्री येथे खत निगमाच्या नियोजन व विकास विभागाने त्याच्या निर्मितीचे कार्य हाती घेतले. कारखाना उभारणे हे स्वावलंबनाचे पहिले पाऊल. त्याच्या पोटातील मूठभर खडा स्वतः घडविता येणे, हे दुसरे आणि अधिक अवघड पाऊल होय.